चवदार तळ्याचा धडा आणि वर्गातील चर्चा

स्मरणिकेसाठी सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनाविषयी लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हां शिक्षकांना सुचविले. शाळेच्या वाटचालीचा आढावा, दहावीच्या निकालांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांच्या शेजारी इतिहासाचा तास कसा चालतो याचे वर्णन वाचण्यात माजी विद्यार्थ्यांना व पालकांना कितपत रस वाटेल, याविषयी प्रारंभी आम्ही साशंक होतो. परंतु ज्या पत्रामुळे आमच्या अध्यापनाची दिशा बदलली, ते पत्र एका माजी विद्यार्थ्याचेच होते. तेव्हा त्या पत्रापासून सुरुवात करणे उचित ठरेल.

हा विद्यार्थी पाचवीपासून दहावीपर्यंत आपल्या वसतिगृहात राहिला. वक्तृत्व स्पर्धेत त्याने शाळेला दोनदा ढाल मिळवून दिली होती. पुढे अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी तो मोठ्या शहरात गेला. तेथील वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतील सोबत्यांनी त्याला प्रथम प्रवेश परीक्षेतील गुण विचारले, नंतर प्रवर्ग विचारला आणि मग आरक्षण आणखी किती वर्षे चालणार, हे विचारले. तो संतापला, मोठ्याने बोलला आणि खोलीबाहेर निघून गेला. पत्रात त्याने लिहिले होते की, आपल्याला सगळ्या तारखा येत होत्या, बाबासाहेबांवरचे भाषण आजही पाठ आहे. पण समोरचा माणूस टाळ्या वाजवायला बसलेला नसेल तर त्याच्याशी काय बोलायचे, हे शाळेत कधी शिकायला मिळाले नाही.

पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अधिक लागले. शिक्षक खोलीत ते वाचले गेले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने म्हटले, की आपली मुले बोलत नाहीत असे तर नाही. चौथी-पाचवीपासून १४ एप्रिल, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन या प्रसंगी ती निर्भयपणे व्यासपीठावर उभी राहतात. अन्य शाळांतील शिक्षकांची अडचण अशी, की मुले तोंड उघडत नाहीत. आपली अडचण त्याच्या नेमकी उलट आहे. आपल्या वर्गात प्रश्न विचारला की चाळीसही हात वर जातात आणि चाळीसही मुखांतून एकच उत्तर येते. ‘आपले’ उत्तर कोणते, हे सर्वांना आधीपासून ठाऊक असते. जेथे एकमत अगोदरच झालेले आहे तेथे चर्चा होत नाही, घोषणा होते. घोषणेचेही स्थान आहे. मिरवणुकीत ती हवीच. पण अभियांत्रिकीच्या वसतिगृहातील खोलीत ती एकट्याने द्यावी लागते, आणि तेथे ती पुरत नाही.

आमचा पहिला प्रयत्न फसला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. पुणे करार हा विषय घेऊन आम्ही नववीच्या वर्गात वादविवाद ठेवला. ब्रिटिश पंतप्रधानांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर केलेल्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना प्रांतिक विधिमंडळांत स्वतंत्र मतदारसंघांतून ७१ जागा मिळाल्या होत्या. गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवडा तुरुंगात उपोषण आरंभले आणि २४ सप्टेंबरला करार झाला. त्यात राखीव जागा १४८ झाल्या, परंतु त्या संयुक्त मतदारसंघांतील होत्या. केवळ अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार निवडायचे आणि त्यांतील एकाला सर्वांनी मिळून निवडून द्यायचे, अशी ती योजना. करार अस्पृश्यांच्या हिताचा होता काय, हा वादाचा विषय. बाजू चिठ्ठ्या टाकून ठरविल्या. कराराच्या समर्थनाची चिठ्ठी जिला निघाली त्या मुलीने ग्रंथालयात बसून तयारी केली आणि दुपटीहून अधिक जागा मिळाल्या हा मुद्दा इतक्या नेटाने मांडला की समोरच्या गटाला उत्तर सुचेना. आम्ही खूश झालो. त्या रात्री वसतिगृहात तिला ‘येरवड्याची’ हे नाव पडले. भोजनगृहात तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. आमच्या लक्षात हे आले तेव्हा दोन आठवडे उलटले होते, आणि त्या दोन आठवड्यांत तिने वर्गात एकदाही हात वर केला नव्हता.

दिवसाच्या शाळेत घंटा झाली की मुले पांगतात. चाळीस घरी चाळीस निरनिराळ्या गोष्टी त्यांची वाट पाहत असतात. निवासी शाळेत तास संपतच नाही. वर्गात उच्चारलेले वाक्य नळावर जाते, जेवणाच्या रांगेत जाते, दिवे मालवल्यावर खाटेखाटेवरून फिरते. बाहेरून आलेली कोणतीही अध्यापनपद्धती आपल्याकडे आणताना हा फरक विसरून चालत नाही, आणि आम्ही तो विसरलो होतो. दुसरी चूक त्याहून खोल होती. चिठ्ठी काढून मिळालेली बाजू लढविणे हे वकिली कौशल्य आहे. त्यात स्वतःच्या मताची परीक्षा होत नाही. जी मुलगी समर्थनार्थ बोलली तिचे स्वतःचे मत काय, हे आम्ही तिला विचारलेच नव्हते.

यानंतर आम्ही बरेच दिवस या एकाच गोष्टीचा विचार केला, की चर्चेला कोणता प्रश्न ठेवावा आणि कोणता ठेवू नये. काही शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, प्रत्येक विषयाच्या दोन्ही बाजू मुलांपुढे आल्या पाहिजेत. हे आम्हांला मान्य नाही. माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते काय, हा आमच्या वर्गात चर्चेचा प्रश्न होऊ शकत नाही. ज्या मुलाच्या आजीने ओंजळीत वरून पाणी ओतून घेतले आहे त्याला ‘दुसऱ्या बाजूने’ बोलायला उभे करणे हा निव्वळ क्रूरपणा ठरेल. समतेचे तत्त्व चर्चेला टाकायचे नाही. परंतु ते तत्त्व प्रत्यक्षात आणताना कोणत्या वेळी कोणता मार्ग घ्यावा, हा प्रश्न त्या काळातील थोर माणसांपुढेही उघडाच होता. त्यावर त्यांच्यात मतभेद झाले, त्यांनी निर्णय बदलले, निर्णयांची किंमत मोजली. चर्चा तेथे करायची.

केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपल्या सभागृहाच्या भिंतीवर लिहिलेला आहे. अंगुत्तर निकायातील या सुत्ताचा अर्थ सामान्यतः ‘कोणावरही विश्वास ठेवू नका, स्वतःच्या बुद्धीला पटेल तेच माना’ असा सांगितला जातो. आम्हीही अनेक वर्षे तसाच सांगत आलो. मूळ सुत्त शांतपणे वाचले तर मात्र तेथे निराळे काही आढळते. केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, हे तर आहेच. पण केवळ तर्काला जुळते म्हणून, आपल्या आधीच्या मताशी मिळते म्हणून आणि हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणूनही स्वीकारू नका, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे गुरूच्या शब्दाइतकेच स्वतःचे आवडते मतही तपासून घ्यायचे आहे. आणि हे सांगून झाल्यावर तथागत प्रवचन देत नाहीत. ते कालामांना विचारतात, की लोभ माणसाच्या ठायी उत्पन्न होतो तो हितासाठी की अहितासाठी? कालाम उत्तर देतात, मग पुढचा प्रश्न येतो. ते सुत्त म्हणजे एक उत्तम चाललेला वर्गच आहे. भिंतीवरच्या अक्षरांखाली आम्ही इतकी वर्षे मुलांकडून उत्तरे पाठ करून घेत होतो, याचे आता हसू येते.

आठवीच्या इतिहासात ‘समतेचा लढा’ हा पाठ आहे. त्यातील महाडच्या सत्याग्रहावर आता आम्ही शनिवारच्या दोन जोड तासिका खर्च करतो. पाठ्यपुस्तकात हा प्रसंग मोजक्या ओळींत संपतो, आणि आपल्या मुलांना तर तो लहानपणापासून गाण्यांतून ठाऊक असतो. म्हणून आम्ही आरंभी तो पुन्हा सांगतच नाही. मुलांचे पाच-पाचांचे गट करून त्यांच्या हाती त्या काळातील कागदांचे उतारे देतो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या खंडांमुळे हे साहित्य आता शाळेच्या ग्रंथालयातही मिळते. उतारे सोप्या मराठीत उतरविण्याचे काम तेवढे आम्ही केले आहे.

पहिला कागद ४ ऑगस्ट १९२३ चा. मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांना खुले केले. दुसरा कागद १९२४ चा. महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. तिसरा कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा, म्हणजे १९ व २० मार्च १९२७ चा. २० मार्चला परिषदेतील लोक तळ्यावर गेले आणि बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी अफवा उठली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. चौथा कागद नगरपालिकेचाच, पण उलट्या दिशेचा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिने आपला आधीचा ठराव रद्द केला. बोले ठरावाच्या आणि या रद्द करण्याच्या तारखेत बरोबर चार वर्षांचे अंतर आहे, हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. ते एका विद्यार्थिनीने दाखविले. पाचवा कागद डिसेंबर १९२७ चा. तळे खाजगी मालकीचे आहे असा दावा सवर्णांपैकी काहींनी १२ डिसेंबरला दाखल केला आणि १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

येथे आम्ही थांबतो. ‘आता तुम्ही दुसऱ्या परिषदेला आला आहात,’ असे मुलांना सांगतो. तारीख २५ डिसेंबर १९२७. हजारो माणसे पदरची भाकर बांधून महाडला जमली आहेत, तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी आहे. त्याच दिवशी मनुस्मृतीचे दहन झाले आहे. तळे समोर आहे आणि न्यायालयाचा हुकूमही समोर आहे. पाणी घ्यावे की थांबावे?

प्रत्येकाने आपले मत एका चिठ्ठीवर लिहायचे, नाव न घालता, आणि ते चिठ्ठीतच ठेवायचे. जवळजवळ सर्व चिठ्ठ्यांवर ‘पाणी घ्यावे’ हेच असते. मग गटांत कागद पुन्हा वाचले जातात आणि हळूहळू प्रश्न निघू लागतात. हुकूम मोडला तर शासन कोणाच्या बाजूने जाईल? सवर्णांशी लढणे वेगळे आणि सवर्ण व सरकार या दोहोंशी एकाच वेळी लढणे वेगळे. मार खाल्लेली माणसे गावी परत जातील तेव्हा तेथे त्यांचे काय होईल? दुसरीकडे, इतकी माणसे पुन्हा केव्हा जमणार? थांबलो तर आपण भ्यालो असे म्हणतील. जो हुकूम एकच बाजू ऐकून दिला गेला तो पाळायचा का? एका मुलाने विचारले, की १९३० मध्ये मिठाचा कायदा मोडणाऱ्यांना आपण थोर म्हणतो, मग १९२७ मध्ये हुकूम न मोडणाऱ्यांना काय म्हणायचे? प्रश्न बिनतोड होता. त्यावर दुसऱ्या गटातून उत्तर आले, की मिठाचा कायदा सरकारचा होता आणि लढाही सरकारशीच होता. इथे शासनाचा ठराव आपल्या बाजूचा होता, तो हातचा घालवायचा कशाला? आम्ही शिक्षक या वेळी फक्त फळ्याजवळ उभे राहून मुद्दे लिहीत होतो.

मग सहावा कागद वाटला जातो. बाबासाहेबांनी न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवावा असे परिषदेला सुचविले. जमलेल्या अनेकांना ते मुळीच पसंत नव्हते. त्यांची समजूत घालावी लागली आणि अखेरीस पाण्याला हात न लावता तळ्याभोवतून मिरवणूक निघाली. वर्गात या वेळी जी शांतता पसरते ती प्रत्यक्ष अनुभवण्यासारखी असते. बहुतेकांच्या चिठ्ठीवरचे उत्तर बाबासाहेबांच्या निर्णयाच्या विरुद्ध गेलेले असते! पण त्याचबरोबर ते उत्तर परिषदेतील कित्येक प्रतिनिधींच्या उत्तराशी जुळते, हेही मुलांना कळते. आपल्या आज्या-पणज्यांनी त्या मंडपात नेत्याशी मतभेद व्यक्त केला आणि तरी त्या मिरवणुकीत चालल्या, ही गोष्ट कोणत्याही भाषणाने त्यांच्या मनावर इतकी ठसली नसती. याच कागदांत आणखी एक गोष्ट सापडते. महाड नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे गंगाधर निळकंठ सहस्रबुद्धे ही माणसे अस्पृश्य समाजातील नव्हती. कोण कोणाच्या बाजूने उभा होता, हे आडनावावरून ठरविता येत नाही, हे मुले स्वतःच म्हणू लागतात.

शेवटी दुसरी चिठ्ठी. मत तेच राहिले की बदलले, आणि कोणत्या कागदामुळे, एवढेच तीवर लिहायचे. मत बदलले नाही तरी चालते. कारण मात्र द्यावेच लागते. दरवर्षी काही मुले शेवटपर्यंत ‘पाणी घ्यायला हवे होते’ या मतावर ठाम राहतात आणि त्यांची कारणे कच्ची नसतात. चिठ्ठ्यांवर नाव नसल्यामुळे ‘येरवड्याची’ होण्याची भीती उरलेली नाही. वर्गात कोण काय बोलले ते वसतिगृहात नाव घेऊन सांगायचे नाही, हा नियम मुलांनीच केला आहे. तो शंभर टक्के पाळला जातो असे नव्हे. परंतु मोडला तर आता मुलेच एकमेकांना टोकतात.

गेल्या काही वर्षांतील सर्वांत मोलाचा प्रश्न मात्र या तासाच्या अगदी शेवटी आला. खटल्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. पाणी प्राशनाला दहा वर्षे पूर्ण व्हायला त्या दिवशी तीन दिवस कमी होते. अस्पृश्यांचा विजय झाला, एवढेच आम्ही सांगत असू. त्या दिवशी निकालाचा सारांशही वाटला होता. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्रथा अनादिकालापासून चालत आली आहे, हे फिर्यादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, आणि सिद्ध करता आलं असतं तर?’

आमच्याजवळ तत्काळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर हा प्रश्न आम्हांला स्वतःला कधी पडला नव्हता. जुनी प्रथा सिद्ध झाली असती तर कदाचित तळे बंदच राहिले असते. म्हणजे १९३७ चा विजय मोठा असला तरी तो पुराव्याच्या अभावावर उभा होता. पुढच्या शनिवारी संविधानाच्या प्रती वर्गात आणल्या आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मुलांनाच शोधायला सांगितले. अनुच्छेद १७ त्यांना ठाऊक होताच. संविधान सभेने तो २९ नोव्हेंबर १९४८ रोजी स्वीकारला, हेही फळ्यावर आले. पण एका गटाला अनुच्छेद १५ चा दुसरा खंड सापडला. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला ज्या ठिकाणांच्या वापरापासून रोखता येणार नाही त्यांत विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. ‘तलाव’ हा शब्द सापडताच मुले ओरडलीच. आणि दुसऱ्या गटाने त्याहूनही पुढची गोष्ट शोधली. अनुच्छेद १३ मध्ये, मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे शून्यवत ठरतात असे सांगताना ‘कायदा’ या शब्दात कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठ यांचाही समावेश केलेला आहे. म्हणजे प्रथा कितीही जुनी असल्याचे सिद्ध झाले तरी आता तिचा उपयोग नाही. १९३७ मध्ये जो दरवाजा किलकिला राहिला होता तो १९५० मध्ये बंद झाला. आठवीच्या मुलांना हे समजते का, असे आम्हांला कोणी विचारले तर आम्ही एवढेच सांगू, की त्यांनीच ते आम्हांला समजावून दिले.

या पद्धतीला आक्षेपही आले. एका पालक सभेत एक ज्येष्ठ पालक उठून म्हणाले, की बाबासाहेबांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे आता आठवीतल्या पोरांनी ठरवायचे का? त्यांचा आवाज कापत होता. त्यांचे वडील चळवळीत होते. त्यांना उत्तर देताना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न शकलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पुस्तकरूपाने छापले. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्यापुढे आपले उत्तर दिले. विरोधकाचे म्हणणे वाचकापासून लपवावे असे त्यांना वाटले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावनाच प्रश्नांनी भरलेली आहे. एकोणतीस वर्षांच्या सिद्धार्थाने त्यापूर्वी वृद्ध, रोगी वा मृत माणूस पाहिलाच नसेल हे कसे शक्य आहे, असे परंपरेला विचारण्याचे धैर्य ज्यांनी दाखविले त्यांच्या निर्णयांची कारणे मुलांनी शोधली तर त्यांचा अवमान कसा होईल?

गृहस्थ खाली बसले, पण त्यांचे समाधान झाले असे आम्ही म्हणणार नाही. सभा संपल्यावर ते पुन्हा भेटले आणि म्हणाले, ‘तुमच्या वर्गात प्रश्न विचारणारा आपला असतो, सर. बाहेर विचारणाऱ्याचा हेतू वेगळा असतो.’ हे खरे आहे आणि ते आम्ही विसरत नाही. हेतू वाईट असलेल्या प्रश्नाला कसे ओळखावे, त्याला उत्तर द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणत्या माहितीच्या आधारे, हा आता दहावीच्या वर्गातील एका तासाचा स्वतंत्र विषय आहे. तो सुचविण्याचे श्रेय त्या पालकांचे. आरक्षणाच्या प्रश्नावरील त्या तासाला पत्र लिहिणारा तो माजी विद्यार्थी एकदा स्वतः येऊन बसला होता.

चर्चेमुळे शिक्षकाचेही काही सुटावे लागते. आमची सर्वांत जुनी सवय म्हणजे मुलाने उत्तर दिले की ‘बरोबर’ म्हणणे. शिक्षकाच्या तोंडून ‘बरोबर’ निघाले की उरलेले एकोणचाळीस जण विचार करणे थांबवितात. त्याऐवजी ‘हे कोणत्या कागदावरून म्हणतोस?’ एवढेच विचारायचे आणि गप्प राहायचे. हे गप्प राहणे फार कठीण जाते. शिवाय ज्या मुलांच्या घरी मराठी बोलली जात नाही, विशेषतः तांड्यावरून आलेल्या मुलांना, शब्द जुळवायला अधिक वेळ लागतो. त्यांना आधी गटात आपल्या बोलीत बोलू द्यावे लागते.

इतिहासापेक्षा भूगोलात ही पद्धत अधिक सहज रुळली, याचे कारण तेथे मुलांकडे आमच्याहून अधिक माहिती असते. आपल्या वसतिगृहातील अनेकांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा लागताना परततात. ती मुले येथे राहतात ती त्यामुळेच. कमी पावसाच्या भागात इतके पाणी पिणारे पीक का घेतले जाते, या प्रश्नावर आम्ही सिंचनाचे नकाशे घेऊन सज्ज होतो. एक मुलगा म्हणाला, उसाचा गिऱ्हाईक ठरलेला असतो, ज्वारीला कोण विचारतो? केंद्र शासन उसाचा रास्त व किफायतशीर दर दरवर्षी जाहीर करते आणि तो देणे कारखान्यावर बंधनकारक असते, तर ज्वारीला आधारभूत किंमत असली तरी ती प्रत्यक्ष खरेदी होईलच याची खात्री नसते. हे सारे त्याच्या एका वाक्यात आले होते. मग त्यानेच वर्गाला ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, मुकादमाकडून घेतलेली ‘उचल’ आणि ती फिटेपर्यंतची बांधिलकी समजावून सांगितली. त्या दिवशी प्रश्न मुलांनी विचारले आणि उत्तरे त्याने दिली. पाठ्यपुस्तकात हे शब्द नाहीत.

अभ्यासक्रम मागे पडत नाही का, असे विचारले जाते. पडतो. म्हणून वर्षातून प्रत्येक इयत्तेत चार किंवा पाचच पाठ या पद्धतीने घेतो, बाकीचे नेहमीप्रमाणे. निकालावर याचा परिणाम किती झाला हे सांगता येणार नाही, मात्र ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाची उत्तरे आता सगळ्या वहीत सारखी नसतात आणि तपासायला आम्हांला दुप्पट वेळ लागतो.

येत्या वर्षी गावातील पाणवठ्यांवर एक पाठ करण्याचा आमचा विचार आहे. त्यासाठी छापील कागद आमच्याजवळ नाहीत. ते तुमच्या घरी असण्याचा संभव आहे. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोटिसा, विहिरीच्या तंट्याचे अर्ज, परिषदांची पत्रके, जुनी छायाचित्रे, किंवा वडीलधाऱ्यांच्या आठवणी कोणी वहीत उतरवून ठेवल्या असतील तर त्या, माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी स्नेहमेळाव्याला येताना सोबत आणाव्यात. दहावीचे दोन विद्यार्थी त्या दिवशी ग्रंथालयाच्या दाराशी टेबल मांडून बसतील. कागदाची झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी, तुमची सही घेऊन, परत केली जाईल.